इमारतीचं घोंगडं

महानंदा देवकते एका जागी निवांत बसलेली उमरग्यात कुणी पाहिली असेल, तर त्यानं पुढं येऊन सांगावं. बँकेच्या रांगेतसुद्धा ती उभ्या उभ्या पाय हलवत असते. चहा चालता चालता पिते आणि कप कुठं ठेवला ते विसरते. त्यामुळं तिच्या बांधकामांवर वाळूच्या ढिगापाशी, खिडकीच्या चौकटीत, सिमेंटच्या पोत्यावर अर्धे प्यालेले कप सापडतात. आई नागूबाई म्हणते, पोरगी जन्माला आली तीच पायाला भिंगरी बांधून. बाप बिराप्पा माकणीचा मेंढपाळ, आयुष्य चालण्यात गेलेला माणूस. पण लेकीपुढं तोही हात टेकतो.

ही महानंदा उमरग्याच्या एका शिक्षणसंस्थेत बांधकामाची इंजिनिअर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा, पदरी बऱ्याच वर्षांचा अनुभव. संस्था म्हणजे दोन शाळा, एक कॉलेज आणि मुलींचं वसतिगृह. गळका नळ, खचलेली पायरी, नवी वर्गखोली, सगळं तिच्याच गळ्यात. अध्यक्ष गुंडाप्पा अण्णा, मोठे बागायतदार. बोलतात कमी, पण बोलले की तोच ठराव. सचिव रामहरी सर, निवृत्त मुख्याध्यापक. यांना लग्नपत्रिकेतही व्याकरणाची चूक सापडते. आणि खरेदी बघणारा बलभीम, ज्याच्या नजरेतून खिळा सुटत नाही. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. फक्त त्यांच्यातलं कुणी एप्रिल महिन्यात पत्र्याखाली झोपलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी संस्थेनं हायवेच्या पलीकडं नवं वसतिगृह बांधायला काढलं. नकाशा आला. खालच्या खोल्यांवर स्लॅब, वर एक मोठा हॉल आणि हॉलवर पत्रे. जुन्या वसतिगृहातही हेच होतं. नकाशावरच्या त्या ‘पत्रे’ शब्दावर महानंदाचं बोट थांबलं.

त्याचं कारण शिवकन्या. ही तिची धाकटी बहीण. दोघी त्याच जुन्या वसतिगृहात राहून शिकत होत्या. मोठ्या मुली खाली, लहान मुली वर, अशी तिथली रीत. शिवकन्या नववीत होती आणि खरं सांगायचं तर दोघींत हुशार तीच. महानंदाची गणितं ती सोडवून द्यायची. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आली. वरच्या हॉलचा पत्रा दिवसभर तापायचा आणि अंधार पडला की ती धग खाली सोडत बसायचा. पोरी फरशीवर पाणी ओतून त्या ओलीवर अंग टाकायच्या. शिवकन्याला तरीही झोप लागेना. मग तिचं नाक फुटून रक्त यायला लागलं. गणिताच्या पेपरला तिनं बाकावर डोकं टेकलं, ते उचललं तेव्हा पेपर गोळा करत होते. बिराप्पा येऊन तिला घेऊन गेला. पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. पुढच्या वर्षी मेंढरं होती आणि त्याच्या पुढच्या वर्षी लग्न.

आता शिवकन्याची मुलगी वर्षाराणी तेरा वर्षांची झाली होती. ती मावशीच्या भरवशावर नव्या वसतिगृहात राहणार, असं घरात ठरलं होतं. आणि लहान मुली वर, ही रीत संस्थेनं बदललेली नव्हती. म्हणजे पत्रा पडला की वर्षाराणी त्याच्याखाली झोपणार, इतकी ती साधी गोष्ट होती.

महानंदा बलभीमकडं गेली. तो म्हणाला, पत्रा काय जगात आपणच टाकतोय का, दोन पंखे जास्त लावू. रामहरी सर म्हणाले, आम्ही तर झाडाखाली शिकलो. झाडाखाली गार असतं, हे सरांच्या ध्यानात कसं येत नाही, असा राग महानंदाला आला. पण राग काही बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेत नाहीत. तिला लिहिलेलं, छापलेलं काहीतरी पाहिजे होतं.

ते सापडलं लातूरला. इंजिनिअरांच्या एका कार्यक्रमात कुणी पाहुणा बोलता बोलता म्हणून गेला की छतातून किती उष्णता आत यावी यालासुद्धा देशात नियम आहे, ऊर्जा बचतीची संहिता म्हणतात तिला. महानंदा जेवणाची रांग सोडून त्या पाहुण्याच्या मागं गेली. पायऱ्या किती उंच असाव्यात, मोरीचं पाणी कुठं काढावं, असले नियम तिला पाठ होते. पण उन्हाला नियम लावणारी माणसं दिल्लीत बसलेली आहेत, हे तिला पहिल्यांदा कळलं. पाहुण्यानं तिच्या फोनमध्ये एका संकेतस्थळाचं नाव टाकून दिलं आणि तो ताटाकडं वळला.

मग ती त्या संहितेच्या नादी लागली. पहिल्यांदा मूळ नियम उघडले, ते इंग्रजीत, आणि इंग्रजीही अशी की एका वाक्याला सुरुवात केली की मधल्या एसटी स्टँडवर उतरून पाणी पिऊन यावं. तिसऱ्या पानावर तिनं फोन पोत्यावर आपटला. पण त्याच संकेतस्थळावर खालच्या अंगाला एक मार्गदर्शिका होती, साध्या माणसांसाठी लिहिलेली, सोडवलेली उदाहरणं असलेली. एक घर घेतलंय, त्याच्या भिंती मांडल्यात, आकडा काढून दाखवलाय. ती तिनं उलटीकडून वाचली. शेवटी एक तक्ता होता: वीट, काँक्रीट, पत्रा, फोम, कशातून किती उष्णता जाते ते ओळीनं दिलेलं. हे सगळे तिच्या रोजच्या ओळखीचे. पत्र्याचा आकडा बघून ती मोठ्यांदा हसली आणि मिस्त्री दचकला. ज्याला कुणाला ही विद्या शिकायची असेल त्यानं पहिल्या पानापासून सुरू करू नये, तक्त्यापासून करावी, असं ती आजही सांगते.

तक्त्यानंतर व्हिडिओ. एका कॉलेजचे प्राध्यापक फळ्यावर लिहीत शिकवायचे, फुकट. यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत घुसते त्याचा आकडा. जितका लहान तितकं छत चांगलं. इथं कमी मार्कांचा विद्यार्थी पहिला येतो, हे महानंदानं मिस्त्र्याला समजावलं, तेव्हा तो म्हणाला की मग आमचं पोरगं हुशार निघालं. पुढं हवामानाची यादी होती. देशाचे विभाग पाडलेले आणि शहरांची नावं दिलेली. तीत उमरगा नव्हतंच, असायचं कारणही नव्हतं. पण सोलापूर होतं, उष्ण आणि कोरड्या विभागात. ऊन सोलापूरला थांबून माघारी फिरत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं सोलापूरचाच विभाग धरला.

सगळ्यात जीव रमला तो आकडेमोड करून देणाऱ्या एका मोफत साधनात. भिंतीची जाडी टाका, खिडकीचं तोंड कुठं ते टाका, छताचे थर टाका. तिनं पत्रा टाकला. छत नापास. मग स्लॅब टाकला, वर फोमचे जाड तक्ते, त्यावर पाणी अडवणारा थर, सगळ्यात वर पांढऱ्या फरशीचे तुकडे. पास. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे टाकले, भिंतीही सुधारल्या. त्या दिवशी ती बांधकामावर नुसती येरझाऱ्या घालत होती आणि येईल त्याला सांगत होती. नियमाला जे मान्य ते संस्थेला मान्य करावंच लागेल, असा तिचा हिशेब होता. इथं घाई झाली.

कार्यकारिणीच्या बैठकीसाठी तिनं मराठीत एक पान करायला घेतलं. फोनवर भाषांतर होतं म्हणून मार्गदर्शिकेतले महत्त्वाचे मुद्दे तिनं फोनला दिले आणि जे आलं ते, चहा पीत, उभ्या उभ्या नजर फिरवून छापायला टाकलं. इंग्रजीत इमारतीच्या भिंती, छत, खिडक्या, सगळ्या बाहेरच्या वेष्टनाला मिळून एक शब्द आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाकीट. फोनला काय कळतंय कुठलं पाकीट.

बैठकीत रामहरी सरांनी ते पान नेहमीप्रमाणं खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. ‘इमारतीला सर्वाधिक त्रास लिफाफ्यातून होतो. लिफाफा चांगला असल्यास इमारत दीर्घकाळ टिकते. छताच्या लिफाफ्याकडे प्रथम लक्ष द्यावे.’ सर थांबले. व्याकरणात चूक नव्हती. एक सभासद खोकल्याच्या निमित्तानं तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. बलभीमचे कान लाल झाले. पत्र्याची खरेदी त्यानंच ठरवली होती, आणि त्यात त्यानं खरोखर एक पैसाही खाल्लेला नव्हता, म्हणून तर त्याला जास्त झोंबलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला की बाईंना जे म्हणायचंय ते तोंडानं म्हणावं, छापून वाटू नये.

महानंदा समजवायला गेली, शब्द चुकला म्हणाली, फोन म्हणाली. कुणी ऐकेना. आवाज चढले आणि त्या आवाजात तिच्याही तोंडून निघून गेलं, “छताचा कायदा हाय हा. पाळावाच लागंल.”

कायदा म्हटल्यावर गुंडाप्पा अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. “कायदा असंल तर पाळू की,” ते म्हणाले. “त्याचा कागद आण म्हानंदा. पुढल्या बैठकीत बघू.” पत्र्याची ऑर्डर तेवढ्यापुरती थांबली.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कागद आणायचा तर कुठलं कलम लागू होतं ते नेमकं बघावं, म्हणून तिनं मार्गदर्शिकेचं सुरुवातीचं पान उघडलं. तक्त्यापासून वाचायला घेतल्यामुळं तेच एक पान राहिलं होतं. त्यात ही संहिता कुणाला लागू, ते लिहिलेलं होतं. घरांना, मोठ्या भूखंडावरच्या. फ्लॅटना. वसतिगृहाचं नाव वगळलेल्यांत होतं. तिनं तीनदा वाचलं. मग वाटलं, घरांच्या यादीत नसेल तर दुसरी संहिता आहे ना, दुकानं-दवाखाने-ऑफिसांची. ती उघडली. त्या संहितेत बसायला इमारतीचा वीजभार मोठा लागत होता, आणि पोरींच्या वसतिगृहात असून असून काय, पंखे आणि दिवे.

तरी आशा सुटत नव्हती. त्याच आठवड्यात एक ऑनलाइन कार्यशाळा होती, प्रश्न विचारायची सोय असलेली. शेवटी तिचा नंबर आला. शिकवणाऱ्या बाई सज्जन होत्या, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमची इमारत सध्या यात बसत नाही. पण स्वेच्छेनं पाळायला कुणाचीच हरकत नाही, उलट पाळावंच. महानंदानं धन्यवाद म्हटलं आणि फोन बंद केला. स्वेच्छा हा शब्द बलभीमपुढं किती वेळ टिकतो, ते तिला पक्कं माहीत होतं.

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. रामहरी सरांनी एकदा तिला जिन्यात गाठून सहज सुचवलं की पहिलं पान तेवढं आणा, वर सरकारचं नाव ठळक आहे, आत कोण बघतंय. सरांना बिचाऱ्यांना आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. विषय मिटावा एवढंच त्यांच्या मनात. पण तिच्या डोक्यात किडा सोडून ते निघून गेले. खरंच कोण बघतंय? पान इंग्रजीत. एक पान टाकलं की छत होतंय, वर्षाराणी झोपतेय. आणि उद्या बलभीमनं कुणाकडून आतलं वाचून घेतलं की महानंदाचा शब्द संस्थेत कायमचा मातीमोल. मग पुढच्या प्रत्येक इमारतीवर पत्रा. तिनं एकाच भिंतीचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं. मिस्त्री म्हणाला, बाई, आज तुम्ही घरी जा.

ती घरी गेली नाही, माकणीला गेली. निम्न तेरणेच्या धरणाकडेला बिराप्पाची मेंढरं बसली होती आणि शिवकन्या चार दिवस माहेरी आली होती. दुपारचं ऊन असं की धरणाचं पाणीही बघवेना. बिराप्पा उघड्या माळावर बसला होता आणि डोक्यावरून पाठीवरून त्यानं काळं घोंगडं ओढून घेतलं होतं, जसं तो थंडीत घेतो, पावसात घेतो, तसंच. हे तिनं जन्मापासून पाहिलेलं. “सरक हिकडं, ऊन लागतंय,” म्हणत त्यानं घोंगड्याचं एक टोक तिच्या डोक्यावर टाकलं. आत लोकरीच्या वासाचा, ओळखीचा अंधार होता आणि ऊन बाहेर राहिलं होतं. महानंदाला हसू आलं. त्या एका इंग्रजी शब्दासाठी तिनं फोनला विचारलं होतं, आणि शब्द इथं बापाच्या खांद्यावर पडून होता.

शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन आली, तीही घोंगड्यात घुसली. तिला सगळं ठाऊक होतं. महानंदानंच फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की कायदा सापडलाय.

“अक्का, मग आता पोरींला तसं निजवायचं न्हाय, असं कायद्यातच लिवलंय न्हवं?” शिवकन्यानं विचारलं. “म्हंजी माझं नाक फुटलं, ते आता कायद्यात बसतंय.”

महानंदा म्हणाली, न्हाय बसत. वसतिगृह घरात धरत नाहीत आणि दुकानातही धरत नाहीत. मग तिनं सरांचं सांगणंही सांगितलं, पहिलं पान तेवढं दाखवायचं. शिवकन्या मेंढरांकडं बघत राहिली. तिला राग आला होता, आणि शिवकन्याला राग आला की ती हळू बोलते.

“दडवू नगंस,” ती म्हणाली. “आमी कशातच बसत न्हाय, हेच सांग त्यास्नी. तोंडावर सांग.”

पुढच्या बैठकीची सूचना काढायचं काम रामहरी सरांचं. महानंदानं त्यांना गळ घातली की बैठक जुन्या वसतिगृहात घ्या, वरच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला, छताचा विषय आहे तर छताखालीच बोलू. सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट प्रत्यक्ष पाहणी असा शब्द त्यांना सुचला आणि तो त्यांनी सूचनेत घातला. मुली शाळेत गेल्या होत्या. एप्रिलचा मधला आठवडा होता.

सभासद जिना चढून आले तेच घाम पुसत. पंखे चालू होते. वरची गरम हवा ते इमानेइतबारे खाली आणून देत होते. अण्णा खिडकीशी बसले आणि टेकायला म्हणून गजाला हात लावला, तो झटकन मागं घेतला. महानंदा उभी होती. तिनं सांगितलं की मागच्या वेळी लिफाफा असं छापलं ते चुकलं, बलभीमभाऊंची माफी मागते. तिथं शब्द पाहिजे होता घोंगडं. इमारतीचं घोंगडं. भिंती, छत, खिडक्या मिळून माणसाच्या अंगावर जे पांघरूण होतं ते. माझा बाप उन्हात घोंगडं घेऊन बसतो, पत्रा डोक्यावर घेऊन बसत न्हाय.

रामहरी सर म्हणाले की घोंगडं म्हटलं की ते भिजतच पडायचं. दोघं-तिघं हसले. महानंदा म्हणाली, भिजलं तर उपयोग न्हायच सर, म्हणून तर फोमच्या वर पाणी अडवायचा थर घालायचा. मग तिनं इंग्रजी पान काढलं, वाचलं आणि मराठीत सांगितलं. तिनं काही गाळलं नाही. कायदा आहे, पण आपल्याला लागू नाही. मागच्या बैठकीत मी लागू आहे म्हणाले, ते न वाचता म्हणाले.

बलभीम सरळ बसला. त्याच्या मानेवरून घामाची धार चालली होती. “म्हणजे कायदा न्हाय,” तो म्हणाला. “मग इषय संपला. चला खाली.”

रामहरी सर उठलेच. बाकीच्यांनीही खुर्च्या सरकवल्या. प्रत्येकाला खाली जायचं होतं, ठरावापेक्षा जिना महत्त्वाचा झाला होता. महानंदाला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

“पोरींला खाली जाता येत न्हाय सर,” ती म्हणाली. “जिन्याचं दार राती बंद हुतं.”

सर उभे राहिले तसेच राहिले. महानंदाला आता थांबता येईना. “ह्या कोपऱ्यात माझी भैन निजायची, शिवकन्या. हुशार हुती. उशीला रगत लागायचं तिच्या. पेपरात झोप लागली तिला, हितं लागत न्हवती म्हणून. कायद्यात घर हाय, दुकान हाय, दवाखाना हाय. तुमच्या-माझ्या पोरी कुठंच न्हाईत अण्णा. म्हणून तुमाला इचारतेय. कायद्याला काय इचारू?”

पत्रा वर तडतड वाजला, उन्हात वाजतो तसा. अण्णांनी उपरणं काढून तोंड पुसलं, मान पुसली, परत पुसली. त्यांचा चेहरा रागावल्यासारखा होता आणि तो राग कुणावर ते कळत नव्हतं. मग त्यांनी रामहरी सरांना बसायला सांगितलं, आणि सर बसल्यावर म्हणाले, “लिवा. वर स्लॅब. त्यावर ही म्हणती ते घोंगडं.” बलभीमनं तोंड उघडलं, तेव्हा अण्णा त्याच्याकडं न बघताच म्हणाले की पश्चिमेचे छज्जे राहू द्या, सगळं एकदम न्हाय होत. तेवढ्यावर बलभीमनं मान डोलावली. महानंदाला छज्ज्यांसाठी भांडायचं होतं. पण सभासद तोवर जिना उतरायला लागले होते.

वर्षभरात छत झालं. फोमच्या प्रत्येक तक्त्यावर महानंदा स्वतः उभी राहिली, फटी बुजल्या की नाहीत ते बोटं घालून बघितलं, मिस्त्र्याच्या नाकीनऊ आणले. बलभीमनं फरशीचे तुकडे स्वतः पारखून आणले, एकही डागी नाही. तिच्याशी तो अजून जेवढ्यास तेवढंच बोलतो.

या मे महिन्यात शिवकन्या वर्षाराणीला घेऊन वसतिगृह बघायला आली. पोरगी खालीच नळ सोडून बघत राहिली. दोघी बहिणी वर आल्या. हॉल रिकामा होता, खाटा अजून यायच्या होत्या, बाहेर दुपार रणरणत होती. शिवकन्या दारातच थबकली. मग आत आली, भिंतीला हात लावला, वर बघितलं. कोपऱ्यात गेली आणि खाली बसली. गार नव्हतं, तसं महानंदानं कुणाला सांगितलंही नव्हतं. पण अंगावर येणारी ती धग नव्हती. बघते जरा, म्हणून शिवकन्यानं पदराची घडी डोक्याखाली घेतली आणि फरशीवर आडवी झाली.

महानंदा सांगायला लागली, फोम कुठला, थर किती, मिस्त्र्यानं कुठं चुकवलं होतं. फेऱ्या घालत सांगत होती. मागून काहीच उत्तर येईना म्हणून तिनं वळून बघितलं. शिवकन्या झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात फरशीवर पसरलेला. महानंदा बोलायची थांबली. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

उन्हं कलली तसं पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं, जिथं छज्जा पाहिजे होता तिथून. पट्टी फरशीवरून सरकत शिवकन्याच्या हातावर चढली आणि तोंडाकडं निघाली. महानंदानं इकडं तिकडं बघितलं. पडदा नव्हता, पुठ्ठासुद्धा नव्हता. मग ती जाऊन खिडकीत पाठ लावून उभी राहिली. तिची सावली बहिणीच्या तोंडावर पडली. पाठ भाजत होती. माकणीकडची एसटी हायवेवरून हॉर्न वाजवत गेली. वर्षाराणी आईला हाका मारत जिना चढून वर आली, तेव्हा महानंदानं ओठांवर बोट ठेवलं आणि ती जागची हलली नाही.